शकुनाचा धुराडेवाला

हॅलिफॅक्सच्या वरच्या आळीत एनॉक बॅराक्लॉचा ब्रश फिरला नाही असं धुराडं नव्हतं. बायको लवकर गेली, तेव्हा लहानग्या मॉरीनला तो कामावर बरोबर न्यायचा. काजळी खोलीत उडू नये म्हणून ती चादर धरून बसायची आणि तो शिकवायचा, "हा धुराड्याचा घसा. हे बाजूचे दोन गाल. अन् भिंतीतून पुढे आलीय ना, ती छाती."

"मग पोट कुठंय?"

"पोट आपल्याला, बाळा. म्हणून तर लोकांचे घसे खरवडायचे."

मॉरीन टायपिंग शिकली, कापडाच्या पेढीत लागली आणि मालकाच्या मुलाशीच तिचं जमलं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात ती बापाजवळ येऊन बसली.

"बाबा, रागावू नका. सासरच्यांना मी सांगितलंय, तुम्ही बांधकामात आहात."

"खोटं कुठंय? लोक बांधतात, मी साफ करतो," एनॉक हसून म्हणाला. पण ती हसली नाही. लग्नाच्या सकाळी त्यानं धुण्याच्या सोड्यानं हात घासून घासून सोलवटून काढले. नखांच्या कडांतलं काळं तरी गेलंच नाही.

नवरीला धुराडेवाला भेटला की संसार सुखाचा होतो, अशी त्या मुलखाची समजूत. मॉरीनच्या सासूनं, मिसेस थॅक्रेनं, त्यासाठी ब्रॅडफर्डहून एक माणूस मुद्दाम बोलावला होता. लग्न लागून मंडळी चर्चबाहेर आली, तर दारात तो उभा. खांद्यावर कोरा ब्रश, तोंडाला काजळी फासलेली. मॉरीननं पुढं होऊन त्याच्या गालाचा मुका घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाला.

एनॉक मागं उभा होता. काजळीतूनही त्यानं माणूस ओळखला. विल्फ सग्डन. उमेदवारी दोघांनी एकाच उस्तादाकडे केलेली, एका शिडीवर.

विल्फनंही त्याला पाहिलं. "एनॉक? लेका, तू इथं? म्हणजे ही आपली मॉरीन होय?"

मिसेस थॅक्रे वळल्या. "तुमची ओळख आहे?"

मॉरीननं बापाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"आमच्या घरची धुराडी हा साफ करतो," एनॉक म्हणाला.

विल्फचं हसू तिथंच थिजलं. त्यानं टोपी काढली. "होय साहेब. साहेबांच्या धुराड्याला काजळी फार धरते. खरवडली तरी निघत नाही."

सगळे हसले. मॉरीनही.

पुढच्या रविवारी एनॉक ब्रॅडफर्डला गेला. विल्फ नेहमीच्या गुत्त्यात बसला होता.

"विल्फ, ऐकून तर घे माझं."

"साहेब चुकून इकडं आले वाटतं," विल्फ म्हणाला आणि आपला मग उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. पुन्हा ते दोघे कधी बोलले नाहीत.

मॉरीनच्या नव्या घरात विजेची शेगडी होती. बापाला बोलावण्याचं काही निमित्त तिला सापडलं नाही. नाताळच्या सुमारास तिनं टपालानं लग्नाचा एक फोटो तेवढा पाठवला. तो नेमका मुका घेतानाचा होता.

शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस साइक्सनं तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. "पोर गुणाची हो तुमची. एवढ्या बड्या लोकांत बापाची लाज नाही वाटली तिला. काजळीसकट तुमचा मुका घेतला."

एनॉकनं फोटो परत घेतला.

"हो," तो म्हणाला. "पहिल्यापासून तशीच आहे ती."