नामा पेंटरचं पुरं वाक्य

कळंबच्या नामा पेंटरचं अक्षर असं सुरेख, की अंगठेबहाद्दरसुद्धा त्याच्या पाटीपुढे दोन मिनिटं थांबायचा. कर्जतपासून खोपोलीपर्यंत किराणा दुकान असो, पिठाची गिरणी असो, नाही तर टेंपोचा मागचा फळा, नामाचा ब्रश तिथे फिरलेला असायचाच. ब्रश कसा सरसर चालायचा. जीभ मात्र पहिल्या अक्षरालाच चिखलातल्या चाकासारखी रुतून बसायची.

आता अडलेल्याला मदत करायची म्हटलं की आपल्या लोकांच्या अंगात येतं. नामाने तोंड उघडलं रे उघडलं, की समोरचा त्याचं वाक्य पुरं करून मोकळा. हॉटेलात तो पाणी मागायला जाई आणि पुढ्यात भज्यांची बशी येई. बिचारा मुकाट्याने खाई. त्याचं लग्नसुद्धा असंच जमलं. 'मला दोन दिवस विचार करू द्या' एवढंच त्याला म्हणायचं होतं. 'मला' म्हणून तो अडला आणि चुलतभाऊ काळूरामने पुढचं जोडून टाकलं, मुलगी पसंत आहे म्हणून. लगेच साखर वाटली गेली. सोनाबाई गुणाची निघाली हे नामाचं नशीब. काळूरामचं त्यात काडीचं कर्तृत्व नाही. तरी तो आजतागायत मिशीला पीळ देत फिरतो.

एकोणऐंशी साली नामाची एकुलती एक लेक जयवंता बारावी पास झाली. बौद्धवाडीतली बारावी झालेली ती पहिलीच मुलगी. तिचाही हात चित्राला चांगला, म्हणून नामाने मुंबईहून कमर्शियल आर्टचा फॉर्म आणून ठेवला. पोरीने भरला दुसराच. माणसाची वाचा का अडते, कानाला ऐकू का येत नाही आणि त्यावर काय करायचं, हे शिकवणारा पदवीचा कोर्स मुंबईत होता, तो तिला हवा होता.

नामाला हे फार लागलं. चिडला की तो बोलायच्या भानगडीत पडत नसे, खडू घेई. घराच्या दारावर त्याने लिहिलं, 'मी काय बिघडलेला रेडिओ हाय?' जयवंताने खाली लिहिलं, 'नाय. जेवायला या.' चार दिवस दार असं भांडत होतं. पाचव्या दिवशी सोनाबाईने ओल्या फडक्याने दार पुसलं आणि दोघांना एका पंक्तीला बसवलं. तिच्यापुढे कोणाचं चालतंय!

मग पत्र आलं. जागा थोड्या, मुलाखत होणार, पालकाने सोबत यावं. आपण तिथे अडलो, की पोरीची जागा गेली, हे नामाने मनाशी धरूनच टाकलं. काळूराम लगेच तयार. पालक म्हणून मी येतो, बोलायचं काम माझ्याकडे, असं तो सांगू लागला. पण जयवंता हटून बसली. येतील तर बाबाच, नाही तर मीही जात नाही.

नामा दोन दिवस मागच्या पडवीत दार लावून बसला. बाहेर आला तो पत्र्याच्या सहा पाट्या घेऊन. विचारतील त्याची उत्तरं आधीच रंगवून टाकलेली. एकीवर नाव-गाव, दुसरीवर धंदा, तिसरीवर 'मुलगी हुशार व कष्टाळू आहे', चौथीवर 'हॉस्टेल चालेल', पाचवीवर 'घरून काही हरकत नाही' आणि सहावीवर 'आपले आभारी आहोत'. अक्षरांना लाल सावली आणि कडेने वेलबुट्टी. अहो, जिथे अडणाऱ्या जिभेचंच शिक्षण देतात, तिथे हा गडी आपली जीभ लपवून निघाला होता! पण हे त्याला सांगणार कोण, आणि त्या घाईत सुचणार तरी कोणाला?

मुलाखतीला टेबलापलीकडे दोन बाई आणि एक सर होते. नाव विचारलं, नामाने पाटी दाखवली. धंदा विचारला, दुसरी पाटी. सरांनी वेलबुट्टी निरखून पाहिली, पण कोणी हसलं नाही. हॉस्टेलही पार पडलं. मग थोरल्या बाईंनी विचारलं, या कोर्सला मुलीला का पाठवताय?

याची पाटी नव्हती.

नामाने सहाही पाट्या उलटसुलट केल्या. शेवटी तोंड उघडलं आणि 'ही' वर रुतला. सवयीने थांबला, आता कोणी तरी पुढचं म्हणून टाकेल. कोणी म्हणेना. बाई म्हणेनात, सर म्हणेनात, जयवंता तर नाहीच नाही. पंखा फिरत होता आणि तिघं शांत बसली होती, जणू त्यांना दुसरं काही कामच नाही. आता वाक्य टाकून पळायची सोय उरली नाही. घाम पुसत, एकेक शब्द ओढत नामाने ते शेवटाला नेलं.

"ही माजी पोर... एवढीशी होती तवापासून... माजं बोलणं कधी तोडत नाय. मी पुरं करीपत्तुर थांबते."

थोरल्या बाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, "नामाजी, असं थांबायला आम्हाला वर्षभर शिकवावं लागतं. तरी सगळ्यांना जमत नाही."

दुपारी यादी लागली. जयवंताचं नाव तिसरं होतं. नामाला रडू आलं, आणि ते त्याने लपवलंही नाही.

घरी पोचले तेव्हा काळूराम ओट्यावर वाटच बघत होता. नामाने 'आमी' म्हटलं मात्र, काळूराम सुरू झाला, की मी सांगितलं होतं ना, मला न्यायचं सोडून...

"काळू, थांब," नामा म्हणाला. "मी सांगतो."

सांगायला पाऊण तास लागला. सोनाबाईने दोनदा चहा केला. काळूराम चार वेळा पुढे सरसावला आणि चारही वेळा जयवंताने नुसतं त्याच्याकडे बघितलं. शेवटपर्यंत बसला बिचारा, तोंड मिटून. एवढ्या वर्षांत नामाला काय म्हणायचं असतं, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.