आप्पांना समुद्रावर न्यायला किती हवा लागते

तीन इंजिनियर एका घरासमोर उभे राहिले की काम तसूभरही पुढे सरकत नाही, किस्से मात्र साठत जातात. नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावातल्या आमच्या कंपूचे किस्से तर एका उन्हाळ्यात एवढे साठले की कोणता आधी घडला यावर आता आमच्यातच वाद आहेत. मला आठवतात तसे सांगते.

सगळ्याच्या मुळाशी मंदार. त्याने सेकंडहँड कॅरव्हान घेतली, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची, आत पलंग आणि ओटा असलेली खोली. ओढायला त्याचा पिकअप ट्रक होताच. सांगलीहून त्याचे वडील, आप्पा, तीन महिन्यांसाठी येणार होते. आप्पांनी उभा जन्म साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस ओढलेला. मंदारने फोनवरच शब्द देऊन टाकला, "आप्पा, इकडे तुम्ही चालवायचं नाही, नुसतं बसायचं. मी तुम्हाला समुद्रावर नेणार."

ट्रकचे टायर तेवढे बदलायचे राहिले होते.

*

टायर निवडायची जबाबदारी केदारने स्वतःहून घेतली. केदार ब्रेडा शहरातल्या एका मालवाहतूक कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो, म्हणजे ट्रकशी त्याचा संबंध स्क्रीनपुरता. त्याने चौदा कॉलमांची एक्सेल शीट केली. मालाच्या व्हॅनला लावतात तसले दणकट टायर घ्यायचे, हे त्याचं मत. कडक टायरने दणके बसतील आणि आप्पांची कंबर जाईल, हे मंदारचं.

टायरवर तो किती वजन पेलेल याचा आकडा असतो, तोही एक नाही, दोन. मधे तिरकी रेघ. पहिला आकडा पुढच्या चाकांचा आणि दुसरा मागच्या, असं समजून आम्ही आठवडाभर हिशेब केला. मग कळलं की दुसरा आकडा जोडचाकांच्या गाडीसाठी असतो, आणि आपल्याला जोडचाकंच नाहीत. पुन्हा पहिल्यापासून शीट.

शेवटी खुद्द आप्पांनाच विचारलं. तोवर ते येऊन आठ दिवस झाले होते. त्यांच्या ट्रॅक्टरची सीट फाटलेली होती, तिच्यावर पोतं टाकून त्यांनी वीस गळीत हंगाम काढले होते, एवढंच त्यांनी सांगितलं. दणकट टायर आले.

*

मग हवा. दाराच्या स्टिकरवर एक आकडा, टायरच्या अंगावर त्याहून बराच मोठा, आणि टायरवाल्याने सांगितलेला तिसराच. टायरवरचा आकडा जास्तीत जास्तचा असतो, तो ठेवायचा नसतो, असं केदार म्हणाला. मग लिहितात कशाला, असं मी म्हणाले. त्याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. त्यात इथे हवा मोजतात ‘बार’ या मापात आणि आमची डोकी पुण्यातल्या पीएसआयमध्ये अडकलेली.

तेव्हा एक भयंकर गोष्ट उघड झाली. आमच्या तिघांपैकी कुणीही जन्मात स्वतः हवा भरलेली नव्हती. पुण्यात पंपावरचा माणूस विचारायचा, "नेहमीची का?" आम्ही मान हलवायचो. ती नेहमीची म्हणजे किती, हे त्या माणसालाच ठाऊक होतं आणि तो पुण्यात राहिला.

*

पुढचा किस्सा माझ्यावरच आहे, पण सांगते. मी नोकरीत मोजमापाचं काम करते. केसाच्या जाडीच्या कित्येक पट बारीक चूक झाली तरी आमच्याकडे मीटिंग लागते. हवा मोजायचे तीन गेज जमले, तिन्हींचे आकडे वेगळे. मी म्हटलं, हे माझं क्षेत्र आहे, सरका बाजूला. प्रत्येक गेजने दहा वेळा मोजायचं आणि सरासरी काढायची.

आता, गेज लावताना दर वेळी थोडी हवा फुस्स करून निघून जाते. तीस वेळा मोजून होईपर्यंत ते चाक डोळ्यांना दिसेल इतकं बसलं होतं. सरासरी मात्र मी दशांशचिन्हापुढे तीन अंकांपर्यंत बरोबर काढली होती.

आप्पा पायरीवर बसून बघत होते. डोक्यावर टोपी, मांडीवर पिशवी. दर शनिवारी सकाळी ते असे तयार होऊन बसायचे आणि दुपारी पिशवी आत नेऊन ठेवायचे. मला त्या पिशवीकडे बघायची लाज वाटायला लागली होती.

*

एका शनिवारी निघणारच होतो, तेवढ्यात कॅरव्हानच्या टायरवरचा बनवल्याचा आठवडा आणि वर्ष केदारने वाचलं. दिसायला नवाकोरा टायर मंदारच्या आठ वर्षांच्या मुलीपेक्षा, इरापेक्षा, दोन वर्षांनी मोठा निघाला. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये येतं. त्या दिवशी मात्र तिने चक्क मराठीत टायरला "दादा" म्हटलं. दादाला बदलायला आणखी पंधरा दिवस गेले.

*

आप्पांना राहवलं नाही. स्वयंपाकघरातलं लाटणं घेऊन ते बाहेर आले आणि एकेका चाकावर ठोकत फिरले. "मागलं डावं कमी हाय," म्हणाले. आम्ही तिन्ही गेज लावले. एक म्हणाला कमी, एक म्हणाला जास्त, तिसऱ्याची बॅटरी संपली. आप्पांनी लाटणं धुऊन जागेवर ठेवलं आणि जाता जाता म्हणाले, "म्या एकट्यानं दोन ट्रॉल्या वढल्या. तुम्हा तिघांना एक वढंना."

*

अखेर शेवटचा शनिवार आला. गुरुवारी आप्पांचं परतीचं विमान. चाकं सहा, हवा आदल्या दिवशी ठरवलेली, कॅरव्हान जोडलेली, आप्पा पिशवीसकट पुढच्या सीटवर. शेजारच्या आन्नेकेबाई हात हलवायला आल्या. सत्तरीच्या आहेत, चाळीस वर्षं कॅरव्हान ओढतायत. त्यांनी दोन्ही गाड्यांकडे पाहिलं आणि सहज विचारलं की एवढं वजन ओढायचं वेगळं लायसन्स तुमच्यापैकी कोणाकडे आहे.

आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. चौदा कॉलमांत तो कॉलम नव्हता.

मंदारचं तोंड बघवत नव्हतं. आन्नेकेबाई घरात गेल्या, चष्मा आणि कॉफीचा थर्मास घेऊन आल्या आणि त्याच्या हातातून किल्ली घेतली. निघण्याआधी त्यांनी प्रत्येक चाकाला बुटाने एकेक लाथ मारली. आप्पांनी खिडकीतून पसंतीची मान हलवली. मंदार मुकाट्याने इराशेजारी मागे बसला. केदार आणि मी माझ्या गाडीतून पाठोपाठ.

दुपारी समुद्रावर पोचलो. आप्पांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि पाण्यात उभे राहिले, ते बराच वेळ तसेच. मंदारही जाऊन त्यांच्याशेजारी उभा राहिला.

मंदार आमच्याकडे परत आला तेव्हा केदार ट्रकपाशी उकिडवा बसला होता. उद्या परत जाताना खाणंपिणं संपलेलं असणार, म्हणजे वजन कमी, मग हवाही कमी करायची का, हा त्याचा प्रश्न. पण टायर आत्ता तापलेत, तापल्यावर मोजायचं नसतं, असं मंदार म्हणाला. मी गेज बाहेर काढला.

आप्पा ओल्या पायांनी येऊन आमच्या मागे उभे राहिले.

"पोरांनो," ते म्हणाले, "परतीची हवा आजच ठरवा. माझं इमान गुरुवारी हाय."