नळ सोडून बोलणारे रेगेकाका

रेगेकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा चपला काढून सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि बेसिनचा नळ सोडला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "हं, आता बोल." मला वाटलं, म्हातारबुवांचं डोकं फिरलंय. विषय काय, तर सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मला त्यांची चित्रं हवी होती. जुरोंग ईस्टच्या सोळाव्या मजल्यावर एका आयटीवाल्या बाईचं बोलणं ऐकायला कोण कान लावून बसणार होतं? पण नळ वाहत राहिला आणि मी पाण्याच्या नासाडीवर मनातल्या मनात चडफडत बोलत राहिले.

रेगेकाका बोटीवरचे इंजिनिअर. मूळचे रत्नागिरीचे, तीस वर्षं सिंगापूरच्या बंदरातून ये-जा केलेली, आता शैलाकाकूंबरोबर बेडोकच्या फ्लॅटमध्ये. निवृत्तीच्या जरा आधी कंपनीने त्यांना अकरा महिन्यांसाठी एका देशात पाठवलं होतं, तिथल्या गोदीत इंजिनं बसवून द्यायला. त्या देशाचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "तिकडे" म्हणायचे. तिकडे एकट्याने रस्ता ओलांडायची परवानगी नव्हती, आणि खोलीच्या भिंतीत काय बसवलंय ते ठाऊक नव्हतं, म्हणून पाण्याच्या आवाजात बोलणं बुडवायची ही नळाची सवय. "नाव विचारू नकोस, काम विचार," हे त्यांचं पालुपद. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफी प्यायलासुद्धा भिंतीला पाठ लावून बसायचे. काकू म्हणायच्या, अहो, हे बेडोक आहे. त्यावर काका म्हणायचे, "मला कळतं गं. पाठीला कळत नाही."

तिकडे संध्याकाळी करायला काहीच नसे, म्हणून काका वहीत चित्रं काढत बसत. पानभर चौकटी आणि खाली बारीक अक्षरात मराठी मजकूर, असा त्या अकरा महिन्यांचा सगळा प्रवास त्यात होता. गोदी, जेवणघर, रिकामे रुंद रस्ते, आणि त्यांची दुभाषी बाई. ती दिवसभर बरोबर असे आणि दर शनिवारी त्यांच्याबद्दल अहवाल लिहून देई. हे तिनेच त्यांना सांगितलं होतं. थंडीत तिच्या कोटाचं बटण तुटलं, तेव्हा काकांनी आपल्या गणवेशाचं नांगर कोरलेलं पितळी बटण तिला दिलं. परक्या माणसाकडून सुई घेणंही तिकडे गुन्हा. तिने ते गळ्याशी, मफलरखाली झाकलं जाईल असं शिवलं.

परत निघताना विमानतळावर अधिकाऱ्याने काकांची वही उघडली. बाईने ती त्याच्या हातातून घेतली, गोदीची दोन पानं दाखवली, नुसती कामाची, इंजिनाची चित्रं आहेत असं सांगितलं आणि वही मिटून काकांना दिली. हा प्रसंग सांगताना काकांचा आवाज नळाखाली बुडून जायचा. "तिने माझ्यासाठी मान पुढे केली. आणि मी साधे आभार मानू शकलो नाही. मानले असते, तर ती तिथेच संपली असती."

ती वही त्यांनी स्कॅन करायला मला दिली आणि अंकासाठी तीन पानं नेमून दिली: बॉयलर, गोदी, जेवणघर. मला विचाराल तर तिन्ही मठ्ठ. आणि त्याच वहीत दुभाषीचं पान होतं. खिडकीशी उभी, मफलर जरा सरकलेला, नांगर चमकतोय, आणि चेहरा असा की नजर हटू नये. चांगलं पान हातात असताना बॉयलर छापायचा? संपादक म्हणून मिरवायची मला भारी हौस. मी बॉयलर काढला आणि तिला लावलं. काकांना विचारलं नाही. अंक पाहून खूश होतील, असं मी धरून चालले होते. एवढी मी शहाणी! पीडीएफ मंडळाच्या ग्रुपवर गेली, तिथून पुण्याला, ठाण्याला, अमेरिकेला. आपल्या लोकांना दिवाळी अंक आला की वाचण्याआधी तो पुढे ढकलायची घाई असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका दारात उभे. आत आले, पण नळ सोडायचं विसरले.

"किती लोकांकडे गेलं हे?"

माहीत नाही, म्हटलं. ते खुर्चीत बसले. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मृणाल, चेहरा तिचा आहे. बटण माझं आहे. तिकडच्या लोकांना आणखी काय लागतं?"

पुढचा आठवडाभर आम्ही दोघं फोन करत होतो. ते पान काढून अंक नव्याने पाठवला, जुना पुसून टाका म्हणून लोकांच्या हातापाया पडलो. लोक हसले. म्हणाले, मराठी अंकातली चित्रं बघायला तिकडे कोण बसलंय? मीही स्वतःला तेच समजावत होते. मग अंकाच्या पत्त्यावर एक मेल आली. इंग्रजीत, अगदी सभ्य. खिडकीतल्या स्त्रीचं चित्र फार आवडलं, मूळ चित्र कुठे पाहता येईल, चित्रकार कुठे राहतात? एखादा शौकीनही असेल. पण मी उठून दाराला आतून कडी लावली. मी उत्तर दिलं नाही. चोआ चू कांगहून परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, एक माणूस माझ्याकडे दोनदा बघतोय असं वाटलं, तर मी मधल्याच स्टेशनवर उतरले. घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं, ते नळ सोडून. लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, यू ऑल्सो लाइक रेगेआजोबा ऑलरेडी लाह." म्हणजे, तूही रेगेआजोबांसारखीच झालीस की. मला हसू आलं नाही.

काकांनी जुनी वही बादलीत भिजवली, तिचा लगदा केला आणि सगळं पहिल्यापासून काढायला घेतलं. घटना त्याच, माणसं बदललेली. गोदीतले कामगार रत्नागिरीचे झाले. पहारेकऱ्यांना काकांनी स्वतःचं नाक दिलं. दुभाषीचं पान मात्र कोरं राहिलं. एका रविवारी त्यांनी मला बेडोकला बोलावलं. नळ चालू होता.

"तिच्या जागी कुणीतरी उभं राहायला पाहिजे," ते म्हणाले. "तू राहशील?"

खोटं कशाला बोलू, मी घाबरले होते. मला लेक आहे, घर आहे. ती मेल अजून माझ्याकडे पडून आहे. तरी काकूंनी आणलेला लोकरी कोट चढवला आणि भर उकाड्यात, घामाने निथळत, खिडकीशी दोन तास उभी राहिले. काकांनी मान वर करून एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "थोडी हनुवटी वर. ती घाबरायची, पण खाली बघायची नाही."

चार महिन्यांपूर्वी काका गेले. तिचं काय झालं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही कळणार नाही, आणि हे माझ्याच हातून झालं. वही काकूंनी मला दिली. पहिल्या पानावर काकांनी लिहून ठेवलंय, संपादकबाईंनी या वेळी सगळी छापावी.

तर छापतेय. आणि आता एक सांगते. तुम्ही वर वाचलंत ते बटण, ते बटण नव्हतं. विमानतळावर घडलं ते तसं घडलं नव्हतं. त्यांचं आडनाव रेगे नव्हतं. एवढं मी त्यांच्याकडून शिकले, जरा उशिरा. या सगळ्यात खरा आहे तो फक्त त्या पानावरचा चेहरा, आणि तो माझा आहे. तिला शोधत कुणी निघालंच, तर ते माझ्या दारात येईल.

अंक पुढच्या आठवड्यात निघतोय. काल सकाळी बेल वाजली. पार्सलवाला होता. पण दार उघडायच्या आधी मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून आले होते.