डबल बेलवर उडालेलं मिग

दोस्तांत बसलो की कुणीतरी म्हणतंच, "ते विमानाचं सांग ना!" आम्ही दीड वर्षात विमान केलं एकच. किस्से मात्र स्क्वाड्रनभर साठलेत. ज्या कामात अक्कल कमी आणि हौस जास्त, त्याचे किस्से आपोआप वाढतात.

आम्ही म्हणजे तिघं. छावणीतला सलीम, विद्यापीठाच्या होस्टेलवरचा मिलिंद आणि मी, पडेगावचा. मी पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडलं. मास्तर वीस वर्षं जुन्या वहीतून फळ्यावर उतरवायचे, आम्ही फळ्यावरून नव्या वहीत. यात माझं डोकं कुठं लागतं ते कळेना! मग एका कॉम्प्युटर क्लासात फुकट झाडू-पुसणी धरली. बदल्यात दुपारी मशीन आमचं. त्यावर लढाऊ विमानांचा एक गेम होता. सगळी विमानं परदेशी. आम्ही ठरवलं, आपलं मिग घालायचं, आपल्या हवाई दलाचं. गेमच्या फाइलमधले आकडे बदलायचे, विमान नवं करायचं, फ्लॉपीवर भरून गावोगावच्या शौकिनांना पाठवायचं.

आमचे बापू एसटीचे ड्रायव्हर. आजा मेंढरं हाकायचा, बापू एसटी हाकतात, मी बढाया. बापूंनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. "तवर त्या इमानाचं कायतरी दाखव. नायतर वाळूजला कारखान्यात, पत्र्याच्या प्रेसवर." वाळूजला तेव्हा रोज नवी शेड उभी राहायची. कंपनीतल्या ओळखीच्या सुपरवायझरला शब्दसुद्धा देऊन झाला होता!

---

क्लासातला मॉनिटर काळा-पांढरा. आम्ही रंग नंबरावरून भरले. शेपटीवर तिरंगा, पंखांवर गोल. पडद्यावर सगळं राखाडी दिसायचं, पण देशभक्ती कशी, मनात रंगीत! छाती फुगवून पहिली फ्लॉपी पुण्याच्या एका शौकिनाला धाडली. त्याच्याकडं रंगीत मॉनिटर.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. "विमान दिसतं झकास. पण हा गुलाबी, जांभळा आणि पोपटी झेंडा कोणत्या देशाचा?"

---

दुसरी फ्लॉपी नाशिकला. दोन लग्नपत्रिकांच्या मधे घालून, चिकटपट्टी लावून, वर मोठ्ठ्या अक्षरात 'नाजूक'. पोस्टातल्या काकांनी ते अक्षर शांतपणे वाचलं आणि बरोब्बर त्याच्यावरच शिक्का हाणला. काउंटरवरची दौत उडाली!

नाशिकहून उत्तर, "शिक्का आत फ्लॉपीपर्यंत नीट उमटलाय. विमान नाही."

---

प्रत्येक विमानासोबत एक छोटी फाइल जाते. कुणी केलं, पत्ता काय. पत्ता मिलिंदच्या होस्टेलचा. नामांतराचा निर्णय तेव्हा लटकलेला होता, पण मिलिंद पत्त्यात विद्यापीठाचं नवं नावच टाकायचा. त्याच्या मोठ्या भावाचा हात नामांतराच्या मोर्चात लाठीनं मोडलेला, तो पुन्हा सरळ झालाच नाही.

क्लासच्या सरांनी ते पाहिलं. "हे नावाबिवाचे वाद माझ्या क्लासात नकोत. नाव बदलून काय होतं रे?"

सरांचा क्लास आधी टायपिंग इन्स्टिट्यूट होता, मग कॉम्प्युटर सेंटर, आता सॉफ्टवेअर अकॅडमी. तीन वर्षांत तीन पाट्या, खुर्च्या त्याच.

मिलिंद शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्या पाटीला किती लाठ्या बसल्या?"

सर चहा प्यायला गेले. मी एरवी एवढा तोंडाळ, पण त्या वेळी कीबोर्ड पुसत होतो. जोरजोरात!

आणि ते गुलाबी झेंड्याचं पत्र? नव्या नावावरच आलं होतं, सरळ होस्टेलवर. पोस्टमनला पत्ता कळला. सरकारला कळायला वेळ लागला.

---

विमान कसं उडतं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. सलीमचे चाचा हवाई दलातून फिटर म्हणून रिटायर झालेले. आम्ही वही घेऊन पायाशी बसलो. चाचांनी तीन दिवस सांगितलं. टायरात हवा किती, शिडी कुठं लावायची, ब्रेक कसे तापतात, ताडपत्रीला दोऱ्या किती. आम्ही सगळं भरलं. विमान धावपट्टीवर असं डौलात वळायचं, की बघत राहावं! ब्रेक दाबला की नाक हलकेच खाली.

फक्त उडेना.

"चाचा, उडतच नाही!"

"मैं जमीन का आदमी, मियाँ. उपर क्या होता, पायलट कू पूछो. मेरे कू नक्को."

तेवीस वर्षं नोकरी आणि एकदाही वर मान करून बघितलं नाही! असले वडीलधारे आमचे मार्गदर्शक. आणि आम्ही तरी काय, वजनात शिडी आणि ताडपत्रीही धरली होती. मिलिंदनं गुपचूप वजन निम्मं केलं.

---

दिवाळी झाली. कंपनीची बस सोमवारी न्यायला येणार, हे ठरलं. रविवारी दुपारी बापू ड्यूटीवरून खाकीतच क्लासात आले. "दाखव."

तोवर सरांनी एक रंगीत मॉनिटर घेतला होता, आणि झेंडाही शुद्धीवर आला होता. मी बापूंना खुर्चीत बसवलं, बटणं दाखवली. इंजिन सुरू. बापू नुसते बसून.

"बापू, सोडा ना!"

"बेल कोण देनार?"

बापूंच्या गाडीतल्या बेलची दोरी कायम तुटलेली. त्यांचा कंडक्टर पत्र्यावर थाप मारतो. एक थाप, थांब. दोन थापा, चल. मिलिंदला हे माहीत होतं. त्यानं लोखंडी कपाटावर दोनदा थाप मारली.

विमान निघालं. बापूंनी ते धावपट्टीच्या डाव्या कडेनं घेतलं! वळणावर ब्रेक लावला, नाक खाली झुकलं. "ब्रेक लई झ्याक बसवलेत," बापू म्हणाले. मग वेग वाढला आणि निम्म्या वजनाचं ते विमान आपलं आपणच उठलं.

"चाकं सुटली रं!"

"बापू, सुटायचीच असतात!"

बापू चालवत राहिले. सरळ, एका उंचीवर, वीस मिनिटं. खाली डोंगर, वर आभाळ. उतरायचं तर एक थाप हवी होती, पण आम्ही तिघंही पडद्याकडं बघत राहिलो. इंधन संपलं, विमान शेतात पडलं.

बापू उठले, टोपी घातली. "डेपोत काय सांगायचं?" एवढंच. पहाटे आईनं कंपनीसाठी डबा भरायला घेतला.

---

सोमवारी सकाळी पडेगावच्या नाक्यावर कंपनीची बस आली. आत सगळे नव्या निळ्या कपड्यांत. मी डबा घेऊन निघालो. बापू माझ्यापुढं होते. मला वाटलं, ड्रायव्हर ओळखीचा असेल, सांगतील पोराकडं लक्ष ठेव म्हणून.

दाराशी पोचले, आणि तिथंच उभे राहिले. मला चढायला जागाच ठेवली नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

बापूंनी पत्र्यावर दोनदा थाप मारली.

बस गेली.