वहिनींची रिफ्लेक्सी

"तू गप्प बस, खांदा बोलतोय," असं म्हणत वहिनी न विचारता पाठीवर अंगठा दाबायच्या. सकाळी साडेसातची वेळ, हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेप गावचा फलाट, अंगावर जाड कोट. त्या कोटावरूनही त्यांचा अंगठा नेमका दुखऱ्या जागी पोचायचा. मी कळवळले की समाधानानं म्हणायच्या, "बघ. आणि म्हणे काही होत नाही."

त्या मूळच्या मिरजेच्या. तिथल्या एका हॉस्पिटलात अकरा वर्षं फिजिओथेरपिस्ट होत्या. नवऱ्याला इथे नोकरी लागली म्हणून मुलीला घेऊन आल्या आणि आल्यावर कळलं की त्यांची पदवी इथे अर्धीच धरतात. मग नगरपालिकेच्या वर्गात डच शिकल्या आणि अडतिसाव्या वर्षी ॲमस्टरडॅमच्या एका विद्यापीठात, विशीतल्या पोरांच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या. ही दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. मी पुण्याहून आलेली, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. आमची गाडी एकच होती, म्हणून ओळख झाली.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना कुठल्याही घोळक्यात गेल्याबरोबर थोरल्या बहिणीची जागा मिळते. वहिनींच्या वर्गातली मुलं त्यांना नावानंच हाक मारायची, इथे तशीच पद्धत. पण परीक्षेच्या आधी रडू फुटलं की त्यांच्याच डब्याभोवती जमायची. वहिनी त्यांना थालीपीठ द्यायच्या आणि मोडक्या डचमध्ये दम भरायच्या, "आधी खा. मग रड."

त्या विद्यापीठात दर शुक्रवारी आत्मपरीक्षणाचा अहवाल लिहावा लागे. त्याला म्हणायचे रिफ्लेक्सी. या आठवड्यात काय केलं, तेव्हा मनात काय आलं, त्यातून काय शिकलात. हे सगळं कॉम्प्युटरवरच्या पोर्टफोलिओत भरायचं आणि त्याला गुण मिळायचे. ते पोर्टफोलिओचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं होतं. हे कळल्यावर वहिनी मला गाडीत म्हणाल्या, "म्हणजे माझा शुक्रवार खाणारी तूच का?"

स्वतःच्या रिफ्लेक्सीचा त्यांनी सोपा मार्ग काढला होता. दर आठवड्याला 'मी पेशंटचं अजून नीट ऐकायला हवं' एवढंच फिरवून फिरवून लिहायच्या. दहा वर्षांची लेक त्यातलं डच तपासायची आणि आईच्या चुकांवर डचमध्येच वैतागायची. दहापैकी आठ गुण ठरलेले. "अकरा वर्षं पेशंट बघितले मी," वहिनी हसत म्हणायच्या, "आणि दर शुक्रवारी नव्यानं शिकते की ऐकायचं असतं."

हसायच्या, पण या पद्धतीचं त्यांना मनापासून कौतुकही होतं. मिरजेला त्या शिकत असताना शरीरशास्त्राच्या वर्गात कुणी चक्कर येऊन पडलं, तर सर म्हणायचे, 'घरी जा आणि लग्न कर.' इथे निदान विचारतात, असं त्या म्हणायच्या. माझा राग सुरू होतो तो इथून.

त्यांच्या गटात मारिट नावाची मुलगी होती. झीलंडमधल्या एका खेड्यातली, वीस वर्षांची, उंच, बोलताना लाल होणारी. तिची पहिली इंटर्नशिप हॉस्पिटलात लागली. मोटरसायकलवरून पडलेल्या एका तरुण पेशंटला ती सहा आठवडे रोज बसायला शिकवत होती. एका सोमवारी गेली तर पलंग रिकामा, चादर बदललेली. शनिवारीच तो गेला होता आणि तिला कुणी कळवलं नव्हतं. तिच्या हातात पुढच्या पेशंटचा कागद दिला गेला. तिनं पुढच्या पेशंटला व्यायाम दिला. त्या आठवड्यापासून पेशंटला हात लावताना तिचे हात थरथरायला लागले.

विद्यार्थ्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे दोन महिन्यांची रांग होती. ती वहिनींकडे आली. वहिनींनी तिला जेवायला घातलं, तिच्या हातावर आपले हात ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "त्या रिफ्लेक्सीत लिही ना. ते विचारतातच आहेत, तर सांग त्यांना."

मारिटनं दोन पानं लिहिली. पानाखाली 'फक्त माझ्या मार्गदर्शकासाठी' या चौकोनात खूण केली.

इंटर्नशिपच्या मूल्यमापनाला समोर मार्गदर्शक नव्हत्याच. विभागाचा समन्वयक होता आणि त्याच्यासमोर त्या दोन पानांची छापील प्रत होती. त्यानं शांतपणे वाचून दाखवलं, "तू स्वतःच लिहितेस की तुझे हात थरथरतात." तिच्या खुलेपणाचं त्यानं कौतुक केलं. मग 'व्यावसायिक वर्तन' या रकान्यात 'अपुरं' असं लिहिलं आणि तिला वर्ष पुन्हा करायला सांगितलं. त्याच गटातल्या एका मुलानं मेलेल्या आजोबांबद्दल हृदयस्पर्शी रिफ्लेक्सी लिहिली होती. त्याला नऊ मिळाले. त्याचे दोन्ही आजोबा जिवंत होते.

दुसऱ्या दिवशी वहिनी गाडीत माझ्या समोर बसल्या. कोटही काढला नाही.

"फक्त मार्गदर्शकासाठी म्हणजे कोण कोण?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. त्या चौकोनाची चाचणी मीच केली होती. खूण केली तरी शिक्षक म्हणून नोंद असलेल्या कुणालाही ते पान उघडता यायचं. मी तसा दोष नोंदवला होता. मॅनेजरनं लिहिलं, 'ग्राहकाला असंच हवं आहे,' आणि नोंद बंद केली. मी पुढचं काम हातात घेतलं.

हे सगळं मी वहिनींना सांगितलं. गाडी होफडॉर्पला थांबली, माणसं चढली, गाडी सुटली.

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी तिला लिही म्हणाले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी इथेच होतीस तू. याच डब्यात सांगितलं होतं मी तुला."

मी म्हटलं की तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. ते खरं नव्हतं. लक्षात आलं होतं. मला वाटलं होतं, एवढ्याशा मुलीचं पान कोण उघडून बघणार आहे.

परीक्षा मंडळाकडे तक्रार करायची असं वहिनींनी ठरवलं. त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, त्या बंद केलेल्या नोंदीची प्रत. "एक पान दे. तुझं नाव खोडून दे हवं तर." नाव खोडलं तरी ते पान कुणी दिलं हे कंपनीला पाच मिनिटांत कळलं असतं. माझा इथे राहण्याचा परवाना त्या नोकरीला बांधलेला होता. मी तीन दिवस मागितले आणि तिसऱ्या दिवशी नाही म्हटलं.

त्या ओरडल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या शेवटच्या डब्यात चढायला लागल्या.

मंडळासमोर काय झालं ते मला त्यांच्या नवऱ्यानं सांगितलं, सुपरमार्केटात बटाटे निवडता निवडता. वहिनी मारिटबरोबर आत गेल्या होत्या. डच अडखळत होतं, तरी इंग्रजीवर आल्या नाहीत. म्हणाल्या, "ही घाबरली आणि हिनं सांगितलं. बाकीचेही घाबरलेत, त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही त्यांना पेशंटकडे पाठवताय." मंडळानं ऐकून घेतलं, कॉफी दिली, आणि आठवड्याभरानं पत्र पाठवलं. पान मार्गदर्शकाव्यतिरिक्त इतरांनी वाचलं असल्यास खेद आहे. निर्णय कायम आहे. मारिटनं शिक्षण सोडलं आणि गावी जाऊन एका रोपवाटिकेत कामाला लागली.

त्यानंतर बरेच महिने गेले. एका सकाळी वहिनी माझ्या डब्यात आल्या आणि समोर उभ्या राहूनच त्यांनी एक कागद पुढे केला.

"तुमच्या कंपनीचं आहे, म्हणून दाखवते," त्या म्हणाल्या. अडीच वर्षं त्या मला 'तू' म्हणत होत्या. शिव्याही 'तू'नंच दिल्या होत्या.

कागदावर वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हं होती. ओळीच्या ओळी, परिच्छेद पाडलेले, मधूनमधून स्वल्पविराम. पदवीच्या आधीची ती शेवटची, सगळ्यात मोठी रिफ्लेक्सी. वहिनींनी ती मराठीत लिहिली होती, घरच्या कॉम्प्युटरवर, एक एक अक्षर शोधून. आमच्या सॉफ्टवेअरला देवनागरी येत नव्हती. प्रत्येक अक्षराच्या जागी त्यानं एक प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

खाली शिक्षकाचा शेरा होता. 'प्रामाणिक आत्मपरीक्षण. आठ.'

मला हसू आलं. ते मी दाबलं नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते, कारण वहिनी हसत नव्हत्या.

"काय लिहिलं होतंत?" मी विचारलं.

"मारिटचं सगळं. त्या मुलाच्या पलंगापासून." त्यांनी कागद परत घेतला. "मला वाटलं बोलावतील. हे काय म्हणून विचारतील. मग तोंडावर वाचून दाखवीन, एका एका वाक्याचं डच करून." त्यांनी कागदाची घडी घातली. "तिचं कसं शब्द न् शब्द वाचलं."

 शिफोल विमानतळाच्या स्टेशनवर त्यांना जागा मिळाली, पण माझ्यापासून दूर.

ते आठ गुण धरून वहिनी पास झाल्या. पदवीदान समारंभाला नवरा आणि मुलगी जाणार होती, आणि ओळखीच्या आम्हा चार मराठी घरांनाही आमंत्रण होतं, त्यांच्या नवऱ्यानं केलेलं. मी त्या दिवशी सुट्टी घेतली, बरी साडी नेसले, वर कोट घातला आणि ॲमस्टरडॅमच्या बाजूच्या फलाटावर उभी राहिले.

वहिनी समोरच्या फलाटावर होत्या. लायडनकडे जाणाऱ्या गाडीच्या. तिकडूनच पुढे झीलंडला, मारिटच्या गावाकडे जातात. अंगावर रोजचाच कोट, पायांत रोजचेच बूट, हातात स्टीलचा मोठा डबा आणि पिशवी. त्या एकट्याच होत्या. त्यांनी मला पाहिलं, माझी साडी पाहिली, आणि परत रुळांकडे बघायला लागल्या.

त्यांच्या गाडीला नऊ मिनिटं होती. पलीकडे जायला दोन मिनिटं लागतात. मी मनात वाक्य जुळवत होते. आधी माफी मागावी की आधी मारिटचं विचारावं, की नुसतंच म्हणावं, मीपण येते. नऊ मिनिटं मी तेच करत होते.

पुढच्या वर्षी ते सगळे मिरजेला परत गेले. वहिनी तिथल्या कॉलेजात शिकवतात असं ऐकलं. माझी आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही. ती शेवटची: त्यांची गाडी आली, मधे उभी राहिली, आणि ती निघून गेल्यावर समोरचा फलाट रिकामा होता. मी साडीच्या निऱ्या सावरत अजून पहिलं वाक्य ठरवत होते.