रिव्हर्सच्या पुढची धून

जालन्यात मोटार ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या पुंजारामनं आयुष्याची बरीच वर्षं एकच धून ऐकली. शिकाऊ माणसानं गाडी मागं घेतली की ती वाजायला लागायची आणि पहिला गिअर पडला की मध्येच तुटायची. ती कुठून आली, पुढं कुठं जाते, याचा विचार त्यानं कधी केला नव्हता.

तो विचार त्याच्या डोक्यात घातला आमेरनं. आमेर लग्नाच्या बँडात कीबोर्ड वाजवायचा आणि तेव्हा त्याच्याकडं गाडी शिकत होता. एमआयडीसीच्या रस्त्यावर गाडी मागं घेता घेता तो हसून म्हणाला, "उस्ताद, ही असली, म्हंजे खऱ्या पियानोची धून हाय. बिलायती, लई जुनी. आपल्या गाडीला नुसतं तोंड जोडलंय तिचं."

"म्हंजे पुढं बी हाय?"

आमेरनं गाडी कडेला लावून मोबाईलवर सगळी धून ऐकवली. शेजारून लोखंडाच्या सळया लादलेले ट्रक धडधडत जात होते. पुंजाराम मोबाईल कानाला लावून शेवटापर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "इतकी वर्षं आपण नुसत्या चौफुलीवरूनच माघारी फिरून राह्यलो की रे. गाव तर पुढंच होतं."

पुढं गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिला आणि ड्रायव्हिंग स्कूल सुटलं. घरात बसून काय करायचं, असं बायकोनं, दैवशालानं विचारलं, तर त्यानं आमेरचा एक जुना कीबोर्ड घरी आणून टीपॉयवर ठेवला. आमेर दर गुरुवारी शिकवायला येऊ लागला. शिकवताना पुंजाराम त्याला 'मास्तर' म्हणायचा, 'तुम्ही' म्हणायचा. आमेर लाजायचा. "उस्ताद, तुम्ही अहोजाहो नका करू, माझी बोटं चुकतात."

पुंजारामला सगळी धून पाठ करायची होती. आमेरच्या कागदावरची सुरांची काळी टिंबं त्याला वाचता येत नव्हती, म्हणून त्यानं तिचा रस्ता केला. सुरुवात म्हणजे जालना. रिव्हर्सचा तुकडा संपला की अंबड चौफुली. तिथून सूर एका वळणानं गोलापांगरीला जातो आणि फिरून जालन्यात येतो. दुसऱ्या वळणाला तो खाली, जड आवाजात उतरतो, ते अंबड. तिथूनही पुन्हा जालना. डोळे मिटले की सगळा रस्ता त्याला दिसायचा.

रस्ता दिसायचा, पण बोटं जायची नाहीत. चौफुलीपर्यंत बरी चालायची आणि गोलापांगरीच्या वळणावर एकमेकांत अडकायची. दोन महिने असंच चाललं. ताट समोर तसंच पडू लागलं. "आपल्याच्यानं न्हाई व्हायचं," एवढंच तो म्हणायचा, आणि ते ऐकून दैवशालाही अर्ध्या ताटावरून उठायची.

मग एका गुरुवारी आमेरनं कीबोर्डच्या कोपऱ्यातलं एक बटण दाखवलं. "उस्ताद, बसताना हे दाबत जा. ह्याच्याशिवाय असली पियानोचा आवाज येत न्हाई. आणि पट्ट्यांकडं बघू नका. डोळे मिटा. पाठ म्हंजे बिलकुल पाठ."

त्या दिवसापासून बोटं सुटली. गोलापांगरी झालं, अंबड झालं. दिवाळी आली तोवर तो रोज आंघोळ करून, बटण दाबून, डोळे मिटून बसायचा आणि धून शेवटापर्यंत नेऊन पोचवायचा. स्वयंपाकघरातून दैवशाला "वा!" म्हणायची. शेजारच्या नंदाबाई आपल्या पाहुण्यांना ऐकायला घेऊन यायच्या. पुंजाराम मान खाली घालून बसायचा, पण रस्त्यानं चालताना त्याचे खांदे जरा वर आले होते.

शिवकन्याबाई एका शाळेत संगीत शिकवत. गाडी त्या पुंजारामकडंच शिकल्या होत्या. बाजारात भेटल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या हॉलमध्ये खरा पियानो आहे. रविवारी या की वाजवायला."

आमेरला हे सांगितलं तर तो गडबडला. "कशाला उस्ताद? त्याच्या पट्ट्या लई जड असतात. बोटं दुखतील तुमची."

"दुखू द्या मास्तर. एकदा असली गाडीवर हात साफ करायचाय."

दैवशालाही म्हणाली, "राहू द्या ना. घरीच बरं वाटतंय." पण त्यानं इस्त्रीचा सदरा घातला आणि तिला सोबत घेऊन गेला.

पियानो मोठा आणि काळा होता. पुंजारामनं डोळे मिटले. रिव्हर्सचा तुकडा झाला आणि पुढं काहीतरी भलतंच वाजलं. त्यानं हात उचलला, पुन्हा जालन्यापासून निघाला. पुन्हा तेच. बोटं तर रोजच्यासारखीच धावत होती. तो म्हणाला, "बाई, सूर उतरलेत का ह्याचे?"

शिवकन्याबाईंनी उभ्या उभ्याच ती ओळ वाजवून दाखवली. सूर जिथल्या तिथं होते. "घरी कशावर वाजवता?" त्यांनी विचारलं. त्यानं कीबोर्डचं सांगितलं, बटणाचंही सांगितलं. बाई मोकळेपणानं हसल्या. "अहो, ते लहान मुलांसाठी असतं. कुठलीही पट्टी दाबली तरी मशीन धूनमधला पुढचाच सूर काढतं. चुकायची सोयच नाही."

पुंजारामनं दैवशालाकडं पाहिलं. ती पर्समध्ये मान घालून काहीतरी शोधत होती.

घरी येऊन त्यानं सदराही काढला नाही. बटण दाबलं. या वेळी डोळे उघडे ठेवले. एक बोट एकाच पट्टीवर ठेवलं आणि तीच पट्टी दाबत राहिला. टक, टक, टक. जालना आलं, चौफुली आली, गोलापांगरीचं वळण सफाईनं गेलं, अंबडचे जड सूर आले. एका बोटानं सगळी धून शेवटाला पोचली. दैवशाला दारात उभी होती. या वेळी ती "वा" म्हणाली नाही.

गुरुवारी आमेर आला. पुंजारामनं त्याला समोर बसवलं.

"आमेर, तू गाडी शिकत होता तव्हा माझ्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक होता. म्हाईत होतं ना तुला?"

'तू' ऐकूनच आमेरचा चेहरा उतरला. "हां उस्ताद. तुम्ही पहिल्याच दिवशी दाखवला होता."

"आणि शेवटच्या दिवशी?"

"तुम्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली होती. म्हणले, आता मेलो तर दोघं बराबर मरू."

"मंग माझ्या वक्ताला तू मांडी कव्हा घालणार होता?"

दैवशाला पुढं आली. "त्याला बोलू नका. मीच म्हणले होते त्याला, काहीतरी कर म्हणून. तुम्ही जेवत नव्हता अहो."

"ते कळलं मला. तू पर्समध्ये शोधत होतीस तव्हाच कळलं."

"तुमच्या जिवासाठीच केलं ना?"

"आणि रोजची ती 'वा'? ती मला होती का मशिनीला?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. आमेर चहा न घेता उठला. दारात थांबून म्हणाला, "उस्ताद, पुढच्या गुरुवारी येऊ?"

"मी सांगतो," पुंजाराम म्हणाला. त्यानं सांगितलं नाही.

काही दिवस कीबोर्डवर चादर होती. मग एका सकाळी त्यानं ती काढली आणि बटण न दाबता बसला. चौफुलीपर्यंत बोटं नीट गेली. तेवढं बटणाच्या आधीचं होतं, खरोखर त्याचं होतं. त्याच्या पुढं सगळी घसरगुंडी. म्हणजे गल्लीतली कुठलीही गाडी मागं येताना जेवढं वाजवते, तेवढंच त्याला येत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून कानाला लावायचे हेडफोन आणले आणि त्यांची पिन कीबोर्डच्या मागं खुपसली.

दैवशाला तांदूळ निवडत होती. खोलीतून पट्ट्यांची नुसती टकटक येत होती. तिनं थोडा वेळ कान दिला. मग दारात येऊन, ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं विचारलं, "आवाज कामून येईना?"

त्यानं एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. "मला येतोय."

"जमून राह्यलं का पण?"

पुंजारामनं हेडफोन परत कानावर बसवला. टकटक सुरू झाली, एका जागी अडखळली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून निघाली. दैवशाला ताट मांडीवर घेऊन तिथंच उंबऱ्यावर बसली. धून चौफुलीच्या पुढं गेली, की तिथूनच माघारी फिरली, हे तिला कळायला आता काही मार्ग नव्हता.