दहा मिनिटं पुढचं घड्याळ

कुठे लिफ्ट अडकली की हे मेकॅनिक गृहस्थ हत्यारांची पिशवी घेऊन धावत सुटायचे. घरच्या कामाला मात्र त्यांचं एकच उत्तर, "उद्या." म्हणून बायको त्यांना उद्याराव म्हणायची. स्वयंपाकघरातलं बंद पडलेलं घड्याळ त्यांनी उघडलं आणि त्याचे सुटे भाग डब्यात गेले ते गेलेच. भिंतीवर उरला नुसता खिळा. शेवटी बायकोने बजावलं, "रविवारपर्यंत तिथे काही दिसलं नाही, तर मी दुकानातलं आणून लावणार."

हे उद्यारावांच्या जिव्हारी लागलं. लिफ्ट चालवून दाखवणाऱ्याच्या घरात विकतचं घड्याळ? त्यांनी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारा छोटा संगणकच, आणला, लाल आकड्यांचा डिस्प्ले आणला आणि जेवणाच्या टेबलावर तारांचा पसारा मांडला. आधी आकडे उलटे उमटले. मग सरळ उमटले, पण वीज गेली की घड्याळ सगळं विसरून शून्यावर यायचं.

"तुमच्यावरच गेलंय," बायको म्हणाली.

तेव्हा त्यांनी वेळ लक्षात ठेवणारी चिप आणि तिच्यासाठी बटणाएवढा सेल जोडला. रविवारी घड्याळ खिळ्यावर चढलं, अगदी बिनचूक. बायको जुनं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायची. तसला खोटेपणा आपल्या हातून होणे नाही, असं त्यांनी जाहीरही केलं. पण त्यांच्या घोषणा घरात ऐकतं कोण?

बायको हॉस्पिटलात नर्स. सोमवारी सकाळी तिने सवयीने वर पाहिलं, निघायची वेळ दिसली तरी "अजून दहा मिनिटं आहेत" म्हणत उद्यारावांबरोबर निवांत चहा घेतला आणि तिची बस गेली.

संध्याकाळी ती नव्या घड्याळाचं खोकं घेऊनच घरी आली.

"अगं, पण माझं बरोबर आहे," उद्याराव रडकुंडीला येऊन म्हणाले.

"असेल. पण बरोबर घड्याळात आपला चहा बसत नाही. दिवसभर तुम्ही लिफ्टमध्ये, मी वॉर्डात. मग बोलायचं कधी?"

ती दहा मिनिटं आपल्याला घराबाहेर पिटाळायला आहेत, असंच उद्यारावांना इतकी वर्षं वाटत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि बायकोबद्दल फार माया दाटून आली. त्यांनी घड्याळ उतरवून लॅपटॉपला जोडलं आणि प्रोग्रॅममध्ये दहा मिनिटं वाढवली. जिवावर आलं, पण वाढवली.

सकाळी बायकोने दोन कप भरले आणि वर पाहिलं. खोकं कपाटावर तसंच बंद होतं.

"पंधरा करून देऊ का?" उद्यारावांनी विचारलं आणि ते लॅपटॉप आणायला उठलेसुद्धा.

"उद्या करा," ती म्हणाली. "आता बसा."